आत्याचा राग

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे बारसे होते. लग्नानंतर चौदा वर्षांनी पाळणा हलला होता, तेव्हा थाटाला काही उणे नव्हते. उणे एकच होते. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. आणि सख्खी आत्या दोन आळ्या पलीकडे राहत असूनही तिला बोलावणे गेले नव्हते.

झाले होते असे. बायकोला कळा सुरू झाल्या, तेव्हा हा गृहस्थ दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडत बसला. निरोपावर निरोप आले तरी उठला नाही. शेवटी शेजारणींनीच तिला दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीने भर दुकानात येऊन, गिऱ्हाइकांदेखत, त्याची खरडपट्टी काढली. ती बोलली ते खरे होते, म्हणूनच ते त्याच्या जिव्हारी लागले. तिने पुन्हा माझी पायरी चढू नये, असे त्याने घरी बजावले. बायको रडली, तसा त्याचा पारा आणखी चढला.

आत्याच्या जागी त्याने एका धनिक मित्राची पत्नी उभी केली. ही आमची मानलेली आत्या, असे तो आल्यागेल्याला सांगत होता. बालपणी ज्यांच्यापाशी तो शिकला, ते वृद्ध गुरुजीही आशीर्वादाला आले होते. आयुष्यात त्यांनी कोणा शिष्यावर हात उगारला नव्हता. त्यांनी बहिणीची चौकशी केली, उत्तर शांतपणे ऐकून घेतले, आणि भर मांडवात त्या चाळिशीच्या शिष्याचा कान धरून असा पिळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

कोणी नजर वळवली, कोणी पदराआड हसले. मानलेली आत्या घुगऱ्यांची वाटी घेऊन नुसती पाहत राहिली. व्यापाऱ्याने चिडून आपला अपराध विचारला.

गुरुजीही संतापले होते. "इतकी माणसे जमवलीस. मी तुझा कान पिळला, तर यांतल्या एकाला तरी माझा राग आला का? पाहुण्यांना तुझी चूकही खपते आणि तुझा अपमानही खपतो. उद्या हे पोर वाट चुकले, तर त्याच्यावर रागावायचे कोणी? जा, रागावणारे माणूस घेऊन ये."

व्यापारी धुमसतच बहिणीच्या दारात गेला. क्षमा मागण्याचे त्याच्या मनातही नव्हते. नाव अडले आहे, एवढेच सांगून तो परतणार होता. बहिणीने त्याला आत ये म्हटले नाही. कान कशाने लाल झाला, एवढे मात्र विचारले. त्याने सांगितले. तिने शेगडीवरचे दूध उतरवले आणि पायांत चपला सरकवल्या.

"मी बारशाला येत नाहीये," ती म्हणाली. "गुरुजींना जाब विचारायला येतेय."

आणि तिने विचारला. पाळण्याकडे न पाहता ती थेट गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली.

"तो चुकलाच आहे. पण त्याला बोलायला मी आहे. चार लोकांत त्याच्या कानाला हात लावायचं तुम्हाला काही काम नव्हतं."

गुरुजींनी हात जोडले. व्यापारी मान खाली घालून ऐकत होता. दुकानात आपल्यावर तापलेला तोच आवाज आज आपल्यासाठी तापला आहे, हे त्याला कळले. त्याच्या मनातला राग कुठल्या कुठे गेला आणि शरम तेवढी उरली.

"ताई," तो म्हणाला, "बाळ थांबलंय तुझ्यासाठी."