थोरल्याची ऐरण

फार फार वर्षांमागे घाटमाथ्यावर एक गाव होते. तिथे राजाचा तांब्याच्या घागरींचा कारखाना होता आणि वीस घरे त्यावर जगत होती.

त्या गावाची एक रीत होती. एकाने घागरीचे बूड घडवायचे, दुसऱ्याने पोट, तिसऱ्याने गळा, चौथ्याने ते सारे जोडायचे. दुसऱ्याच्या ऐरणीवर कुणी हातोडी उचलायची नाही. ऐरणीत वाडवडिलांचा हात असतो, असे ते मानत.

रावजी गळे घडवी. बुडे घडवी त्याचा थोरला भाऊ. त्या उन्हाळ्यात थोरला तीन दिवसांच्या तापाने गेला. रावजीने त्याच्या ऐरणीवर त्याचेच मुंडासे पांघरले. कुणी जवळ फिरकले, तरी तो अंगावर धावून जाई. शिल्लक बुडांवर कारखाना कसाबसा चालला होता.

अशात राजाचा कारभारी आला. म्हणाला, "तांबे गलबतांनी येते. ते घाट चढवण्यात बैल मरतात. दसऱ्यापासून कारखाना बंदरावर जाईल. तिथली माणसे नेमली आहेत. तुम्ही गुणी आहात, तुमचे बरे होईल."

एवढे बोलून तो जेवायलाही थांबला नाही.

रावजी त्याच पावली काम शोधायला निघाला, मागोमाग बाकीचेही. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याने कसब पाहायला त्याला तांब्याचा पत्रा दिला. रावजीने असा गळा घडवला, की बघे थांबले.

"वा! गळा झकास," व्यापारी म्हणाला. "पण गड्या, पाणी कशात भरू?"

लोक हसले. रावजी मान खाली घालून परतला, तर चावडीवर सगळेच परतलेले. जोडकाम करणारा म्हातारा केरोबा म्हणाला, "मला म्हणाले, जोडतोस छान बाबा, पण जोडायला काय आणलंस?"

कुणीच हसले नाही. वीस घरांत एकालाही अख्खी घागर घडवता येत नव्हती.

"एकमेकांना शिकवू," एकजण म्हणाला.

"आणि बूड?" केरोबाने विचारले. "बूड घडवणारा तर गेला."

तेव्हा थोरल्याची बायको गिरजा पुढे झाली. "पंधरा वर्षं भाकऱ्या थापताना त्यांचे ठोके ऐकलेत मी. कुठं हळू, कुठं जोरात, सगळं कानात आहे. ठोका चुकला तर सांगेन. फक्त त्यांची ऐरण उघडा."

रावजी ताडकन उठला. "दादाच्या ऐरणीला हात लावाल तर याद राखा!"

"भावजी," गिरजा हळूच म्हणाली, "ऐरण आहे ती, समाधी नव्हे. उद्या ही घरं उठली, तर त्यांचं नाव घ्यायला इथं कोण उरेल? तुम्ही नि मी?"

रावजीला हुंदका आवरेना. सगळ्यांदेखत लहान पोरासारखा रडला. मग त्याने मुंडासे उचलून उराशी धरले आणि केरोबाला म्हणाला, "बसा, बाबा."

केरोबाने पहिले बूड पार चेपवले.

"अहो, दणकावता काय?" गिरजा म्हणाली. "ते थोपटायचं. तान्ह्याला थोपटतात तसं."

रावजीला रडता रडता हसू आले. खरेच, दादा तसाच थोपटत असे. कधी तांबे, कधी त्याची पाठ.

पुढले काही महिने गाव एकमेकांच्या ऐरणीवर बसले. बुडे फुटली, बोटे ठेचली, भांडणेही झाली. पण संक्रांतीपर्यंत घरटी एकाला अख्खी घागर येऊ लागली. आसपासचे लोक फुटकी भांडी मोडीत देऊन नवी घडवून नेऊ लागले. काही जण दूरच्या पेठांत गेले. आता त्यांना कुणी हसले नाही.

पुढल्या वर्षी बातमी आली, की नदीकाठच्या गावातला राजाचा तंबू शिवण्याचा कारखानाही हलला. रावजीने ताबडतोब हातोड्या बैलगाडीत टाकल्या.

"अरे, त्यांना तांबटकाम शिकायचंय का, विचार तरी!" केरोबा ओरडला.

"गेल्यावर विचारतो!" रावजी म्हणाला. "नको म्हणाले, तर मला शिवण शिकवतील."

गाडी उतारावरून धावत निघाली.

काम गेलेल्या माणसाला नुसती हळहळ पुरत नाही. त्याला आपल्या जागेवर बसवून आपले कसब द्यावे लागते.