घोंगडीला छिद्रे कुणी पाडली?

एका कौलारू घराच्या माळ्यावर जुनी पेटी होती. तिच्यातल्या घोंगडीच्या घडीत दोन खारी, सख्ख्या बहिणी, राहत. थंडी तोंडावर आली होती, थोरलीला नुकतीच पिल्ले झाली होती, आणि नेमकी तेव्हाच घोंगडीला छिद्रे पडू लागली.

"कसरीचं काम!" माळ्यावरचा म्हातारा उंदीर आपल्या पिसांच्या गादीवरून म्हणाला. "दर वर्षी थंडीआधी आपण एक कसर हाकलतो. हिलाही हाकला."

"आजोबा, मागच्या वर्षी हाकलल्यावर छिद्रं थांबली?" धाकट्या खारीने विचारले.

"नाही थांबली. म्हणून तर यंदा पुन्हा हाकलायची!"

चंदेरी कसर कोपऱ्यात दडून बसली होती. "अहो, मी कागदांची खळ चाटते. लोकरीला तोंडही लावत नाही."

"संध्याकाळपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही," असे बजावून धाकटी कामाला लागली. तिने घडीन् घडी उलगडली. शेजारची सुती गोधडी धड होती. कुरतडलेली होती ती फक्त लोकर. अंधाऱ्या घडीत तिला तांदळाच्या दाण्याएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या, केसाळ काती, म्हणजे अळ्यांनी टाकलेल्या कातड्या, सापडल्या. कसरीच्या अंगावर तर एकही केस नव्हता!

खिडकीच्या काचेवर मोहरीएवढा ठिपकेदार भुंगेरा धडपडत होता. धाकटीने त्याला कात दाखवली.

"ही आमचीच," तो म्हणाला. "अळी असताना आम्ही लोकर खातो, पिसं खातो. मोठेपणी फक्त फुलांतले पराग. मला बाहेर सोड ना!"

"फट दाखवते. पण तू जन्मलास कुठे?"

"त्या पारव्याच्या जुन्या घरट्यात."

सगळ्यांनी आजोबांच्या गादीकडे पाहिले. तेच ते पारव्याचे जुने घरटे!

"खबरदार! हिच्यावर माझे आजोबा बसायचे!" उंदीर ओरडला.

"म्हणूनच ती कधी झटकली नाही. उठा आजोबा, पिल्लं गारठतील."

उंदराने उघड्या अंगाच्या पिल्लांकडे पाहिले. कुरकुरत तो उठला. खाली अळ्याच अळ्या!

घरटे अंगणातल्या शेवग्याच्या ढोलीत गेले. तिथे अळ्यांना पिसेही होती आणि पुढे फुलेही. घोंगडी झटकून कौलांवर उन्हात पसरली. पिल्लांच्या पाठीवर पट्टे उमटेपर्यंत तिला नवे छिद्र पडले नाही.

पुढच्या थंडीआधी सर्वांत मोठ्याने म्हातारा उंदीरच ओरडला, "कुणाला हाकलू नका रे! आधी घोंगडी उन्हात टाका!"

तात्पर्य : दोष देण्याआधी नीट शोध घ्यावा, आणि शोध घेताना आपली बसायची जागाही उचलून पाहावी.