कोवळ्या मुळांचा रंग

लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या. ही गोष्ट फार फार जुनी आहे. तिच्यात तुमच्या ओळखीची माणसं भेटली तर मला बोल लावू नका.

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. दोघांनाही आपलंच गाव अलीकडचं आणि दुसऱ्याचं पलीकडचं वाटायचं. आपण मात्र जिथे हैबती रंगारी राहत होता, त्या गावाला अलीकडचं म्हणू, कारण ही गोष्ट त्याची आहे.

चैत्रात नदी आटली की पात्रातल्या वाळूवर दोन्ही गावांचा चेंडूचा सामना व्हायचा. चिंध्यांवर चामडं शिवून केलेला चेंडू. त्याला हात लावायचा नाही, पायांनीच पुढे न्यायचा आणि समोरच्यांनी रोवलेल्या दोन बांबूंमधून मारायचा. मारला की एक गुण. खेळ एवढासा, पण त्यापायी दोन्ही काठांवरची माणसं वर्षभर एकमेकांना टोमणे मारत असत.

अलीकडचे लोक हरायचे. एकदा दोनदा नव्हे, हैबतीला मिसरूड फुटल्यापासून त्यानं आपल्या गावाला जिंकताना पाहिलंच नव्हतं. त्याचा बाप शेवटच्या आजारात अंथरुणावरून विचारायचा, "जिंकलो का रे औंदा?" आणि हैबती मान खाली घालायचा. तो बाप तसाच गेला. त्या दिवसापासून हैबतीच्या मनानं एकच धरलं होतं : डोळे मिटायच्या आत एकदा तरी जिंकलेलं बघायचं.

आता अलीकडच्या गावची एक रीत ऐका. संघाला पोसायचं कुणी, खेळाडू आणायचे कुणी, हे ज्याच्याकडे असे त्याला चेंडूचा मानकरी म्हणत. चेंडू वर्षभर त्याच्या देवघरात राहायचा. पण सामना हरला की सगळं गाव पिंपळाच्या पारावर जमायचं. ज्याला नवा मानकरी हवा त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून पारावर ठेवायचं. निम्म्याहून जास्त मुंडाशी खाली आली की चेंडू दुसऱ्याच्या घरी.

आणि दरवर्षी पहिलं मुंडासं उतरायचं ते हैबतीचं. तो आरोळी ठोकून ते असं आपटायचा की पारावरची पाखरं उडायची. मग बाकीची मुंडाशी पटापट पडायची. त्याच्याआधी कुणी हात डोक्याला नेत नसे. संघाची मुंडाशी तोच रंगवायचा ना, तेव्हा तो मान आपोआप त्याचाच झाला होता.

नवा मानकरी आला की जुने खेळाडू घरी जायचे, नवे यायचे. जुना रंग जायचा, नवा यायचा. एका साली पिवळा, एका साली हिरवा, एका साली तर जांभळा. गावातल्या प्रत्येक घरात जुन्या मुंडाशांची गोधडी झाली होती. हरण्याच्या एवढ्या रंगांची गोधडी दुसऱ्या कुठल्या गावाकडे नसेल!

असे सगळे मानकरी करून झाले, आणि एका चैत्रात चेंडू घ्यायला कुणी पुढेच येईना. तेव्हा म्हशींचा मोठा गोठा असलेली म्हाळसाक्का उठली. उतारवयाची बाई, आवाज बारीक, पण बोलणं सरळ.

"मी घेते चेंडू," ती म्हणाली. "पण जिंकून देते असं म्हणणार न्हाई. चार वर्सं द्या. गावातलीच पोरं घेईन, दूध घालीन, खेळ शिकवीन."

दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून लोकांनी माना डोलावल्या. म्हाळसाक्का रंग ठरवायला हैबतीच्या अंगणात आली. तिला लाल हवा होता, पक्का, आलीच्या मुळांचा.

आल म्हणजे एक झुडूप. वर पाहिलं तर हिरवं आणि साधं. त्याचं सगळं मोल जमिनीखाली. तिच्या मुळांतून असा लाल निघतो की कापड फाटेल पण रंग उतरायचा नाही. हैबतीनं घरामागच्या तुकड्यात ती त्याच वर्षी लावायला घेतली होती.

"आक्का, तीन वर्सं पुरी झाल्याबिगर मी आल खणत न्हाई," हैबती म्हणाला. "राजा आला तरी न्हाई."

"मग तवा दे," म्हाळसाक्का म्हणाली. "तंवर पोरं पांढऱ्या मुंडाशानं खेळतील."

झालं! पुढच्या चैत्रात पांढरी मुंडाशी वाळूवर उतरली आणि पलीकडच्या काठावरून हाका आल्या, "काय हो, कुणाच्या दहाव्याला आलात?" पोरं सडकून हरली. त्याच्या पुढच्या चैत्रातही हरली. त्या वेळी हार बरीच कमी गुणांची होती, पण हरलेल्या माणसाला तेवढं कुठे दिसतं?

चेंडू घ्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दोन्ही वेळा पारावर मुंडाशी उतरली नाहीत, पण रोज संध्याकाळी हैबतीच्या अंगणात चर्चा झडू लागली. कढया उकळत असायच्या आणि त्याहून जास्त माणसं उकळत असायची. धोंडी कुंभाराचा आवाज सगळ्यांत वर. "म्हशी राखणारीला चेंडू काय कळतोय? बाहेरचे गडी आणा, गडी!" हैबतीही कढईत दांडा फिरवत म्हणायचा, "दोन वर्सं झाली. आनखी किती थांबायचं माणसानं?" त्याची बायको सगुणा हे ऐकून नुसती हसायची.

अशात मिठाचा एक बडा व्यापारी गावात आला. बैलांची रांग, गळ्यात घुंगुरमाळा, आल्या आल्या घरोघर गुळाची ढेप. अंगणात बैठक मारून तो म्हणाला, "चेंडू मला द्या. सात मुलखांतले तयार गडी आणतो. येत्या चैत्रात तुम्ही जिंकलात म्हणून समजा."

माणसं पुढे सरकली. हैबती दांडा भरभर फिरवू लागला. येत्या चैत्रात!

"दोनच गोष्टी," व्यापारी म्हणाला. "मुंडाशावर माझ्या मिठाच्या गोणीची खूण पाहिजे. आणि चेंडू एकदा माझ्याकडे आला की कायमचा माझा. मुंडाशी काढायची ही रीत बंद."

रीत बंद म्हटल्यावर दोघे-चौघे चुळबुळले, पण धोंडी म्हणाला, "जिंकल्यावर रीत हवी कशाला? उद्या सकाळी पारावर जमू. हैबतीनं मुंडासं ठेवलं की झालं काम." सगळ्यांनी हैबतीकडे पाहिलं. हैबती नाही म्हणाला नाही.

व्यापारी खूश झाला. त्याची नजर घरामागच्या हिरव्या तुकड्यावर गेली. "हीच ना ती आल? मुंडाशी लालच करा. येत्या अमावास्येला न्यायला येतो."

हैबतीचा दांडा थांबला. "अमावास्येला? ती अजून कोवळी हाय. खणायला वरीसभर अवकाश हाय."

"दोन वर्षं झाली ना लावून? आणखी किती थांबायचं माणसानं? उपटा."

"उपट की रं," धोंडी म्हणाला. "एवढं काय त्यात!"

बोलता बोलता तो उठला, तुकड्यात शिरला आणि त्यानं एक झुडूप धरून ओढलं. कोवळं मूळ सहज निघालं. हैबती धावला. त्याच्या हातात ते बोटाएवढं फिकट पिवळं मूळ आलं आणि त्याला रडू आवरेना.

"अरे, काय केलंस हे!" तो ओरडला. "ह्याच्यात अजून लाल भरला न्हाई. वर काय दिसत न्हाई म्हणून खाली काय चाललंच न्हाई असं वाटलं व्हय तुला? मूळ रोज खाली जात असतंय. दर वर्साला उपटून बघितलंस तर जलमभर फिकाच रंग मिळंल, फिकाच!"

एवढं बोलून तो एकदम गप्प झाला. आपलेच शब्द आपल्याच अंगणात त्यानं ऐकले होते.

सगुणा कढईपाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आक्कानं चार वर्सं मागितली, ती ह्याच्यासाठीच न्हवं?"

व्यापारी "उद्या भेटू" म्हणून उठला. माणसं पांगली.

हैबती ते मूळ मुठीत धरून बसून राहिला. मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि तो मनातून ओशाळला. दोन वर्षं रोज संध्याकाळी इथे संघाची चिरफाड चालत होती, पण पोरं खेळतात कशी, हे सामन्याचा दिवस सोडून त्यांच्यातल्या एकानंही जाऊन पाहिलं नव्हतं. दिवस बुडायच्या आत तो म्हाळसाक्काच्या गोठ्याकडे निघाला.

गोठ्यामागची खडकाळ जमीन फोडून आक्कानं सपाट केली होती. पोरं खेळत होती. एकानं वर न बघता चेंडू बाजूला सोडला, आणि तिथे दुसरा आधीच पोचलेला होता. हैबतीनं डोळे चोळले. बाहेरून आणलेल्या गड्यांत हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ते बिचारे एकमेकांची नावं शिकेपर्यंत वर्ष संपायचं. बांधाच्या कडेला त्याहून लहान पोरांचा वेगळा डाव रंगला होता. म्हाळसाक्का दुधाचा हंडा घेऊन बसली होती.

"आक्का, जिंकू का आपण?" हैबतीनं विचारलं.

"ठावं न्हाई बाबा," ती म्हणाली. "पण एक पोरगं सोडून गेलं न्हाई."

"माझा बाप बघायचा राहिला, आक्का. मी पण राहीन, याचं भ्या वाटतंय."

म्हाळसाक्कानं त्याच्यापुढे दुधाचा पेला धरला. "मला न्हाई व्हय घाई? माझं वय बघ की. सामन्याला वरडायचं तेवढं वरडा, चुकलं तिथं मला बोला. फकस्त उपटू नका."

हैबती दूध प्यायला आणि उठून घरी गेला. जाताना त्यानं ते उपटलेलं मूळ बांधावर ठेवलं.

सकाळी पार भरला. व्यापारी चेंडू न्यायला रेशमी रुमाल घेऊनच आला होता. सगळ्यांचे डोळे हैबतीच्या डोक्याकडे. काही उतावळ्यांनी तर त्याची वाट न बघता आपली मुंडाशी खालीही ठेवली.

हैबती पारावर चढला. त्यानं दोन्ही हात डोक्याला नेले. आणि हैबतीनं मुंडाशाला आणखी एक पीळ देऊन ते घट्ट बांधलं.

"मी काढत न्हाई," तो म्हणाला. "मी गिऱ्हाइकाला तीन वर्सं थांब म्हणतो आणि पोरांना दोन वर्सांतच उपटायला निघालो. मला लाज वाटली. आक्कानं चार मागितली व्हती, चार द्यायची. आणि बोलायच्या आधी जरा गोठ्यामागं जाऊन बघून या."

मग एकेकानं आपलं मुंडासं गुपचूप उचलून डोक्यावर ठेवलं. गडबडीत काहींनी दुसऱ्याचं उचललं, त्यावरून थोडी बाचाबाचीही झाली. धोंडीनं सगळ्यांत शेवटी उचललं, पण उचललं. व्यापाऱ्यानं रेशमी रुमाल घडी करून कनवटीला लावला आणि नदी ओलांडून तो पलीकडच्या गावाला गेला. मुंडाशी काढायची रीत तिथेही होती; तिथल्या लोकांनी ती मोडून त्याला तासाभरात चेंडू दिला. वर्षानुवर्षं जिंकणारी त्यांची स्वतःची पोरं त्यानं दुसऱ्या दिवशी घरी बसवली.

पुढच्या चैत्रात पलीकडच्यांचे सात मुलखांतले गडी भडक लाल मुंडाशांनी उतरले. ऊन चढलं तसा घाईचा तो रंग घामाबरोबर त्यांच्या तोंडावर ओघळला. तरीही जिंकले तेच, पण अवघ्या एका गुणानं. त्या संध्याकाळी अलीकडचं गाव सवयीनं पाराकडे गेलं. हैबतीचे डोळे ओले होते, पण मुंडासं डोक्यावरच होतं. कुणीच मुंडासं काढलं नाही. जरा वेळानं धोंडीच म्हणाला, "एकच गुण हो!" आणि हरलेलं गाव हसत घरी गेलं.

तो पावसाळा सरला आणि हैबतीनं आल खणली. मुळं अंगठ्याएवढी जाड, कापली की आत लालबुंद. सगुणानं कापड एरंडेलात मळलं, हिरड्याच्या पाण्यातून काढलं, तुरटीतून काढलं, पुन्हा पुन्हा वाळवलं. सगळ्या गावानं लाकडं आणून दिली. म्हाळसाक्काची पोरं चौथ्या चैत्रात वाळूवर उतरली ती आलीच्या लाल मुंडाशांनी.

पलीकडच्यांचे निम्मे गडी आलेच नव्हते. दूरच्या कुणा राजानं जास्त बिदागी देऊ केली, तसे ते तिकडे निघून गेले होते. उरलेले जीव तोडून खेळले, पण ते एकेकटे खेळत होते, आणि इकडची पोरं न बघता एकमेकांना ओळखत होती. सूर्य कलला तेव्हा अलीकडचं गाव जिंकलं होतं.

हैबतीला आधी कळेचना, काय करायचं ते. जिंकल्यावर काय करतात हे गावात कुणालाच माहीत नव्हतं! मग त्यानं हात डोक्याला नेले, मुंडासं काढलं आणि "बघा हो बा, जिंकलो!" असं आभाळाकडे बघून ओरडत ते उंच फेकलं. आजवर रागानं उतरलेली मुंडाशी त्या दिवशी आनंदानं उडाली. म्हाळसाक्का वाळूत बसून पदरानं डोळे पुसत होती.

व्यापाऱ्यानं त्याच आठवड्यात पलीकडच्यांचा चेंडू मिठाच्या गोणीत घातला आणि दुसऱ्या मुलखाची वाट धरली. मुंडाशी काढायची रीत बंदच झाली होती, तेव्हा त्याला अडवायचं कसं, हे कुणाला सुचलं नाही.

काही दिवसांनी पलीकडच्या गावचा एक म्हातारा हैबतीच्या अंगणात येऊन संकोचून उभा राहिला. हैबतीनं त्याला टोमणा मारला नाही. त्यानं घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि आलीच्या बियांची एक पुडी त्याच्या हातावर ठेवली.

"आमी आता काय करावं, हैबतीदादा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पोरांना हाका मारा," हैबती म्हणाला. "आनि आल आजच लावा. फकस्त रोज उपटून बघू नका."

तेव्हा मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा : ज्याच्यावर जीव आहे त्याला बोल लावा, जाब विचारा, पण त्याच्या मुळांना खोल जाण्याइतका वेळ द्या.