राजाच्या मिशांची शहानिशा

तळ्यातला मासा खाल्ला की माणूस मुका होतो, अशी वावडी शार्दूलगडच्या बाजारात उठली आणि हौसा भोईणीची टोपली भरलेलीच घरी परत येऊ लागली. गडावर अफवा तपासणारी तीन शहानिशा घरं होती. वावडी उठली की खरं-खोटं ठरवून चावडीवर फलक लावायचा, हे त्यांचं काम. पहिल्यानं फलक लावला, ‘खरे!’ दुसऱ्यानं लावला, ‘अगदी खरे!’ तिसऱ्यानं लावला, ‘खोटे’. हौसा थेट दरबारात गेली.

राजा हट्टी. म्हणाला, “दोघं खरं म्हणतात, एक खोटं. उद्यापासून तळ्यात जाळं बंद!”

“सरकार, जन्मभर ह्योच मासा खाल्ला म्या. मुकी दिसते का?”

“नाही. पण अफवा खरी असती तर बरं झालं असतं!”

दरबार हसला. हौसाला हसू आलं नाही. जाळं बंद म्हणजे तिची चूल बंद.

“डोकी मोजून खरं ठरवायचं, तर गाढवांच्या गावात माणूसच खोटा!”

राजाच्या कपाळाला आठी पडली. “मग तूच सांग, तिघांत भरवशाचा कोण? दिवे लागायच्या आत सिद्ध कर. माशाचा विषय काढायचा नाही. जमलं नाही, तर जाळ्याबरोबर तूही गडाबाहेर!”

“जमंल की. तिघांना अशी गोष्ट इचारू, जिचं उत्तर सरकारांना आधीच ठाऊक हाय.”

“ठाऊक आहे ते विचारायचं कशाला?”

“तराजू तपासायला ठाऊक वजनाचं मापच ठेवत्यात. भोपळा ठेवून काय कळणार?”

राजाला ते पटलं, आणि पटलं याचा रागही आला. “विचार काय हवं ते! मी शब्द दिला!”

थोड्याच वेळात हौसाच्या सांगण्यावरून बाजारात दवंडी पिटली गेली, “महाराज मिशांना कलप लावतात अशी वावडी आहे होऽ! शहानिशा घरांनी खरं-खोटं करावं होऽ!”

दिवाणजींनी डोळे मिटून घेतले. राजाचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला.

संध्याकाळी तिघंही हजर झाले. पहिला म्हणाला, “साफ खोटे! या राजघराण्यात मिशा पिकतच नाहीत!”

दुसरा म्हणाला, “खोटे! हे शेजारच्या राजाचं कारस्थान!”

“तुम्हाला कुणी सांगितलं?” राजानं विचारलं.

“आमच्या फलकावर आहे ना, महाराज!”

तिसरा होता विसाजी. तो चाचरत म्हणाला, “महाराज, मिशीजवळ मला कुणी जाऊ दिलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पण राजवाड्याचा न्हावी दर पंधरवड्याला भिकू अत्तारकडून कलप नेतो. न्हाव्याला स्वतःला ना केस, ना मिशा. म्हणून बहुधा खरे. भिकूचं दुकान वेशीजवळ आहे, कुणीही जाऊन विचारावं.”



“सरकार,” हौसा म्हणाली, “आता कुनाचं खरं, ते हितं तुमालाच ठावं. म्या काय बोलत न्हाई.”

राजानं छताकडे पाहिलं. मग मिशीचं टोक धरून वर केलं. मुळाशी पांढरेशुभ्र खुंट!

“पण महाराज,” दिवाणजी हळूच म्हणाले, “मिशीचं खरं सांगणारा माशाचंही खरंच सांगेल कशावरून?”

“म्हनूनच तर त्यानं पत्ता दिला, दिवानजी! माशाच्या फलकावरबी कुनाकुनाला इचारलं त्यांची नावं हायती. जा नि इचारा. त्या दोघांच्या फलकावर कुनाचा पत्ता हाय?”



“हौसा,” राजा डोळे वटारून म्हणाला, “रागाच्या भरात मी तुझं डोकं उडवलं असतं तर?”

“तर काय, सरकार! ह्या दोघांनी लगेच फलक लावला असता, ‘महाराज कधी रागावत नाहीत, हौसा खडखडीत जिवंत आहे.’ दोन इरुद्ध एक! तुमच्याच न्यायानं उद्या म्या बाजारात मासं इकत बसले असते!”

राजा असा हसला, की मिशीचं टोक हातातून सुटलं. दोन्ही घरांना त्यानं टाळं ठोकलं. हौसाला तळं पिढ्यानपिढ्या तोडून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी भर बाजारात, पांढऱ्या मिशांनी, तिच्या टोपलीतला मासा तळून खाल्ला, बोलत बोलत.