भांडे काय जेवले

पूर्वी गोदेच्या काठी प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाचा जन्म जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका घरात झाला होता. जुन्या वस्तू म्हणजे मोडतोड नव्हे, बरं का. कुणाच्या आजोळचा पितळी दिवा, कुणाच्या पणजीची हस्तिदंती फणी, कुठे शिसवी पेटी. घरच्या माणसांना ती अडगळ वाटते, आणि नगरातला एखादा हौशी माणूस तीच वस्तू बघून तिच्याभोवती घुटमळत राहतो. बोधिसत्त्व गाडी जुंपून गावोगाव हिंडे, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या गोठ्यातून असल्या वस्तू हुडकून आणी. बहुतेक विकी. एखादी फारच जिवाला लागली तर आपल्याच ओटीवर ठेवून देई.

त्याची एक रीत होती. भांडे घेताना तो आधी बोटाच्या पेराने वाजवून बघे, मग मालकाला विचारी, "हे तुमच्या घरी काय जेवलं?" कुणी सांगे दूध, कुणी सांगे तेल, कुणी सांगे गुरांचे औषध. पेटी असली तर तिच्यात काय निजले ते विचारी. मिळालेले उत्तर तो गिऱ्हाइकाला जसेच्या तसे सांगे, मग सौदा मोडला तरी चालेल. बाजारातले लोक त्याला हसत. म्हणत, हा सोयरीक जमवतोय की भांडं विकतोय. तोही हसे, पण विचारायचे सोडीत नसे.

त्याच्या हाताखाली तिंदुक नावाचा एक भागीदार होता. माणूस कष्टाळू, मनाने वाईट नव्हे, पण सदा धास्तावलेला. आपण पोचायच्या आत दुसऱ्याच कुणीतरी चांगली वस्तू उचलली असेल, हीच धास्ती. गाडीत पुढे वाकून बसायचा, जणू तेवढ्याने बैल लवकर पोचणार होते. आजवर जे काही नामी सापडले ते बोधिसत्त्वाच्या नजरेला सापडले होते. एक तरी वस्तू आपल्या नजरेची असावी, एवढेच त्याला हवे होते.

एकदा बोधिसत्त्व पलीकडच्या तीरावर गेला असताना तिंदुक एकटाच चिताऱ्यांच्या आळीत फिरत होता. तिथे सामा नावाची एक म्हातारी राहत असे. तिचा नवरा राजवाड्याच्या भिंती रंगवणारा चितारी होता, तो वारून बरीच वर्षे झाली होती. तिच्या परसात, फाटक्या चटयांच्या खाली, तिंदुकाला काशाचे एक भले मोठे तपेले पालथे घातलेले दिसले. त्याने ते उलटले. काठाभोवती हंसांची ओळ कोरलेली होती, प्रत्येक हंसाची मान मागे वळलेली. आणि हंसांच्या पिसांच्या रेघांत, काठाच्या दुमडीत, काहीतरी पिवळेधमक चमकत होते.

तिंदुक आणखी खाली वाकला. सोन्याचा मुलामा, तो मनात म्हणाला. झिजून एवढाच उरलाय.

म्हातारीला ते पिवळे दिसू नये म्हणून त्याने तपेल्याचे तोंड भिंतीकडे फिरवले, आणि धंद्यातली माणसे काढतात तसे दोष काढायला लागला. इथे चेपलंय, बूड काळं पडलंय, एवढं ओझं न्यायचं कुणी. म्हातारीने फार घासाघीस केली नाही. मोल हातात घेतल्यावर ती म्हणाली, "हे बघ बाळा, या तपेल्याचं एक सांगायचं होतं..."

आता ही सोन्याची आठवण काढणार, मोल वाढवणार, असे तिंदुकाला वाटले. त्याने तपेले खांद्यावर घेतले. "आई, बैल उन्हात उभे आहेत," असे म्हणत तो बाहेरही पडला. भांडे काय जेवले, हे विचारायचे त्याला आठवले होते. आठवूनही त्याने विचारले नाही.

घरी येऊन त्याने ते आतून चिंचेने आणि राखेने लख्ख घासले. काठाला मात्र हात लावला नाही, मुलामा जाईल म्हणून. दुसऱ्याच दिवशी गृहपती सोणक दारात आला. कोसभरावर गोदेचा उतार आहे, तिथल्या होड्या सोणकाच्या. पौर्णिमेला उताराच्या वाटसरूंना खीर वाढायचा त्याचा नेम होता आणि त्याचे जुने भांडे तडकले होते. हंस बघून तो भुलला. जाताजाता त्याने विचारले, तुमच्याकडे म्हणे सांगायची रीत आहे, हे काय जेवलंय? तिंदुकाने पापणीही न हलवता सांगितले, "दूध."

बोधिसत्त्व परत आला, तेव्हा तिंदुकाने फुशारकीने सगळे सांगितले. बोधिसत्त्वाने ऐकून घेतले, त्याच्या नजरेचे कौतुक केले, आणि सहज विचारले तेव्हा तिंदुक त्यालाही दूध म्हणाला. एकदा बोललेला शब्द दुसऱ्यांदा बोलायला सोपा जातो. रात्री मात्र तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

पौर्णिमेच्या सकाळी सामा म्हातारी काठी टेकीत दुकानाशी आली. काखेत एक काशाचे झाकण होते.

"तू घाईत होतास," ती तिंदुकाला म्हणाली. "झाकण राहिलं, आणि सांगायचंही राहिलं. त्यात कुणी शिजवू नये हो. माझ्या माणसानं जन्मभर त्यात हरताळ कालवली."

हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचा दगड. कुटला की सोन्यासारखा रंग देतो आणि पोटात गेला की जीव घेतो. म्हातारी पुढे बोलत होती, नवऱ्याच्या बोटांची कातडी कशी सोलायची, तो जेवताना सुद्धा हात पानाला लागू द्यायचा नाही. तिंदुकाला ते ऐकू येईना. त्याला फक्त हंस दिसत होते, आणि त्यांच्या पिसांतले ते पिवळे. ते त्याने मुद्दाम राखले होते.

म्हातारी गेली. तिंदुक झाकण हातात धरून उभा राहिला. आपण घासलंय, तो स्वतःला म्हणाला, चांगलं घासलंय. पण काठ घासला नव्हता. खिरीची वाफ काठाला धरणार, दुमडीत शिरणार, आणि थेंबथेंब परत खाली उतरणार. सूर्य केळीच्या वर आला होता. चूल पेटली असेल. सांगावे, तर आपण न विचारता आणले आणि खोटे बोललो हे उघडे पडणार. न सांगावे, तर... पुढचे त्याच्याने मनातही बोलवेना. आपण एकट्यानेच धावत जावे का? पण सोणकाला सांगणार काय?

तेवढ्यात बोधिसत्त्व आतून आला. त्याने झाकण बघितले, कडेवरून बोट फिरवले आणि बोटाला लागलेले पिवळे बघितले. मग शांतपणे विचारले, "तिंदुका, ते तपेलं काय जेवलं होतं?"

"हरताळ," तिंदुक म्हणाला. "आत्ताच कळलं, दादा. तेव्हा त्या बाईनंच दूध सांगितलं होतं."

बोधिसत्त्वाने त्याच्याकडे क्षणभर बघितले. मग दुकानाची फळी लावली आणि म्हणाला, "चल."

बैल जुंपायलाही थांबला नाही. कोसभर वाट दोघे झपाझप चालले. बोधिसत्त्व काही विचारीत नव्हता. विचारले असते तर बरे झाले असते, असे तिंदुकाला वाटत होते. समोरून वाटसरू येताना दिसला की तो त्याचा चेहरा बघे, पोट धरून चाललाय का, डोळे पांढरे झालेत का. एका झाडाखाली कुणीतरी आडवे पडलेले बघून तो तिकडे धावला. तो नुसता झोपलेला गुराखी होता.

उताराशी पोचले तेव्हा माणसे पंगतीला बसली होती, पळसाची पाने मांडली होती, आणि तपेले नुकतेच चुलीवरून उतरले होते. अजून कुणाच्या पानात काही पडले नव्हते. हंस वाफेने ओले होऊन चकचकत होते.

बोधिसत्त्वाने हात जोडून सगळे सांगितले. विकणाऱ्या बाईने तेव्हा दूध सांगितले होते असे भागीदार म्हणतो, पण तपेल्यात हरताळ कालवली जात असे, ती काठात उरली आहे, ही खीर वाढू नये, मोल परत घ्यावे आणि नुकसानही भरून घ्यावे.

सोणकाने ऐकले. मग तो हसला, पण ते हसू बरे नव्हते.

"शेटजी, तुमचा धंदा मी पुष्कळ बघितलाय. घेताना तुम्हाला चेपलेलं दिसतं आणि विकताना हंस दिसतात. आता पुन्हा घ्यायचंय म्हणून विष दिसायला लागलं. राजवाड्यातला माणूस परवापासून जुनी भांडी शोधत फिरतोय, हे आमच्याही कानावर आलंय."

पंगतीतले लोक हसले. एकजण म्हणाला, तर काय, हंस राजहंस व्हायला निघालेत. बोधिसत्त्व म्हणाला, तपेले तुमच्याकडेच राहू द्या, मी ते मागत नाही, फक्त खीर वाढू नका. सोणक म्हणाला, उपाशी माणसांना पानावरून उठवून माझा नेम मोडू, तेही तुमच्या शब्दावर? त्या बाईनं दूध सांगितलं होतं, असं तुम्हीच म्हणता. मग आज ती खरी की तेव्हा खरी?

कुणीतरी सुचवले, वाद कशाला, थोडी खीर त्या कुत्र्याला घाला. उताराशी एक तांबूस कुत्री पिले घेऊन बसली होती. खिरीचा वास येऊन ती शेपूट हलवू लागली.

"नको," बोधिसत्त्व म्हणाला. "तिनं यातलं काही विकलं नाही, काही विकत घेतलं नाही. भांडं माझ्या दुकानातून आलं. पहिला द्रोण मला द्या. दुपार कलेपर्यंत माझ्याकडे बघत बसा. मला काही झालं नाही, तर खुशाल वाढा."

तो पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसला. वाढप्याने सोणकाकडे बघितले. सोणकाने मान हलवली, आता बघूच, अशी. द्रोणात खीर पडली. बोधिसत्त्वाने द्रोण उचलला. त्याचा हात स्थिर होता, आणि तिंदुक त्या हाताकडे बघत होता.

मग तिंदुक धावला आणि त्याने द्रोणावर हात मारला. खीर मातीत सांडली. कुत्री उठून आली, तसा तो त्या सांडलेल्या खिरीवर पालथाच पडला आणि हातांनी तिला लोटू लागला.

"बाईनं दूध सांगितलं नव्हतं," तो खालूनच म्हणाला. "मी विचारलंच नाही. ती सांगायला लागली तर मी पळालो. मला ते पिवळं सोनं वाटलं. तुम्हाला मी खोटं सांगितलं, दादांना खोटं सांगितलं, आणि आज त्या म्हातारीवर ढकललं. आता मला काय करायचं ते करा, पण ते कुणाच्या पानात घालू नका."

सोणक पुढे आला. त्याने मातीत पडलेल्या त्या माणसाकडे बघितले, मग तपेल्यापाशी वाकून काठाच्या दुमडीत नख घातले. नख पिवळे निघाले. सौदा साधण्यासाठी माणूस दुसऱ्याला खोटे ठरवील, पण चारचौघांत स्वतःची अशी माती करून घेणार नाही, हे त्याला कळत होते. त्याने वाढप्याला खूण केली. खीर खोल खड्ड्यात पुरली, वर दगड रचले.

त्या दिवशी वाटसरूंना बोधिसत्त्वाने पदरच्या पैशाने दूध-तांदूळ आणून नवी खीर करून वाढली. त्याने स्वतःच्या ओटीवर आवडीने ठेवलेले एक भांडे होते, तेच घरून आणवून चुलीवर चढवले. पंगत बसायला सूर्य कलला. वाढायचे काम तिंदुकाने केले. एकजण त्याला म्हणाला, "हे काय जेवलंय रे?" तिंदुक वाढीतच राहिला. "माझ्या आईच्या हातचं ताक," असे बोधिसत्त्वानेच उत्तर दिले.

परतताना तिंदुकाने विचारले, "दादा, मी खोटं बोलतोय हे तुम्हाला कळलं होतं का?"

"तुझा चेहरा बघून शंका आली होती. पण विचारत बसलो असतो, तर पंगत बसली असती."

"आणि तुम्ही ती खीर खरंच खाल्ली असती?"

बोधिसत्त्व म्हणाला, "द्रोण तोंडाशी नेला होता ना." आणि पुढे चालू लागला.

सोणकाने तपेले ठेवून घेतले नाही. ते दुकानात परत आले आणि चार दिवसांनी राजवाड्यातला माणूस खरोखरच आला. हंस बघून त्याने तोंडात बोट घातले. तो जे मोल बोलला त्यात दोघांचा जन्म सुखाने गेला असता. बोधिसत्त्वाने त्याला ते भांडे काय जेवले ते सांगितले. तो माणूस म्हणाला, त्याचं काय एवढं, राजा यात काही शिजवणार नाही, नुसतं बघायला ठेवणार आहे.

बोधिसत्त्व म्हणाला, "राजा बघायला ठेवील. त्याच्या नातवाच्या कोठीत एखाद्या मुदपाकवाल्याला मोठं भांडं हवं असेल. तेव्हा त्याला सांगायला तुम्ही नसाल आणि मीही नसेन. भांडं मात्र असेल."

तो माणूस नाराज होऊन गेला. तिंदुक त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. बोधिसत्त्वाने त्याच्याकडे घण आणि टोच्या दिला. तिंदुकाने स्वतःच्या हाताने हंसांचा काठ खरवडून काढला, खरवड पुरली, आणि तपेल्याच्या बुडाला मधोमध भोक पाडले. त्या भोकातून दोर ओवून त्यांनी ते बाजाराच्या तोंडाशी पालथे टांगले. कासेच ते. टोला दिला की दूरवर घुमायचे.

पुढे त्या बाजारात जुनी वस्तू घेणारा आधी त्या घंटेला टोला देई आणि मग विचारी, काय जेवलं. तिंदुक तर म्हातारा होईपर्यंत रोज सकाळी एक टोला देत असे. सामा म्हातारी जिवंत होती तोवर तिच्या दारातले लाकूडपाणीही त्यानेच पाहिले. त्या खिरीत खरोखर किती विष उतरले होते, हे कुणालाच कधी कळले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात सांगितली ती एका तरुण भिक्खूसाठी. त्याने आजारी सोबत्याला कसलेसे चूर्ण दिले होते. ते कशाचे, हे देणाऱ्याला विचारले नव्हते, आणि इतरांना मात्र विचारले म्हणून सांगितले होते. सोबती सुदैवाने वाचला. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा तिंदुक म्हणजे हा भिक्खू. सामा म्हणजे वृद्ध भिक्खुणी क्षेमा थेरी, सोणक म्हणजे आनंद, आणि तो व्यापारी मीच होतो." भिक्खूने मान खाली घातली. मग तो उठला आणि ज्या दारातून ते चूर्ण आणले होते, त्या दाराकडे विचारायला गेला.

त्याला जाताना बघून शास्ते इतरांना म्हणाले, "भिक्खूहो, या सावधपणाला अप्रमाद म्हणतात."