पाच संकेतस्थळे आणि एक तांब्याचा पैसा

एकदा एक अभ्यासक बाई भर दुपारी आपल्या गुरूंच्या दारात येऊन उभी राहिली आणि बसायलाही तयार होईना. तिचे नाव हेमांगी. ती महाविद्यालयात इतिहास शिकवीत असे, आणि जुनी नाणी वाचण्याची विद्या तिने टिपणीस सरांकडून घेतली होती. सरांचे सारे आयुष्य एका संग्रहालयाच्या नाणेविभागात गेले होते.

तिच्या मागोमाग वडके नावाचे एक वृद्ध व्यापारी आले होते. त्यांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते. मोडीत आलेल्या तांब्यात त्यांना एका लहान संस्थानाचा जुना पैसा सापडला. तो त्यांनी एका संग्राहकाला विकला. संग्राहकाने घरी जाऊन संगणकावर शोध घेतला आणि नाणे बनावट असल्याचा आरोप केला. त्याने ते नाणे अभिप्रायासाठी हेमांगीकडे सोपवले होते; तिने तसे लेखी दिले, की तो संध्याकाळी पोलिसांत जाणार होता.

"सर, काम दोन मिनिटांचं आहे," ती म्हणाली. "त्या टांकसाळीच्या पैशावर कट्यारीचं चिन्ह असतं. या पैशावर बेलाचं पान आहे. मी पाच संकेतस्थळं पाहिली. पाचही ठिकाणी कट्यारच आहे. तुम्ही फक्त एकदा बघा, म्हणजे मी सही करते."

वडके दाराजवळच उभे होते. "बाई, पान आहे की कट्यार आहे, मला काही कळत नाही," ते म्हणाले. "पण ते मी घडवलेलं नाही. चार पिढ्यांचं दुकान आहे. उद्या गावात तोंड कसं दाखवायचं ते सांगा."

सरांनी नाणे हातात घेतले. भिंगातून पाहिले, पुन्हा पाहिले. मग ते उठले आणि खोलीत येरझारा घालू लागले. हेमांगीने त्यांना इतके अस्वस्थ कधी पाहिले नव्हते. थोड्या वेळाने ते थांबले आणि म्हणाले, "त्या पाचही संकेतस्थळांवरची चित्रं सारख्या आकारात छापून आण."

"सर, पाचला अभिप्राय द्यायचा आहे."

"म्हणूनच म्हणतो, लवकर जा."

ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पाच कागद घेऊन आली. सरांनी ते कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरले. मागून ऊन येत होते. पाच चित्रांचे एकच चित्र झाले. काठावरचा टवका एकाच जागी आला, मधला ओरखडाही एकाच जागी आला.

"किती साक्षीदार आहेत तुझ्याकडे?" सरांनी विचारले.

हेमांगीने काचेवरच्या त्या एका टवक्यावर बोट ठेवले. "एक," ती म्हणाली.

"तो कोण, ते शोध."

तिला घाई होती, आणि आता भीतीही वाटू लागली. सरांच्या टेबलावरच्या संगणकाशी बसून ती एकेका चित्राचा माग काढत मागे गेली. पहिल्या संकेतस्थळाने दुसऱ्यावरून घेतले होते, दुसऱ्याने एका लिलावाच्या जुन्या यादीवरून; बाकीच्या तिघांचा मागही त्याच यादीपाशी पोचला. त्या यादीखाली एका संग्रहालयाच्या पत्रिकेचा उल्लेख होता. पत्रिकेचे जुने अंक कोणीतरी पानन् पान उतरवून सर्वांसाठी खुले ठेवले होते. तिने तो अंक उघडला. तेच चित्र, तोच टवका. वर लेखकाचे नाव होते : टिपणीस.

तिने मान वर केली नाही.

"वाच ना," सर म्हणाले. "पस्तीस वर्षांपूर्वी मला एकच पैसा मिळाला होता, आणि तोही फार झिजलेला. बेलाची बाजूची दोन पानं झिजून गेली होती. मधलं टोकदार पान आणि देठ तेवढं उरलं होतं. मी कट्यार म्हटलं. आज यांचा पैसा पाहिला तेव्हा कळलं."

"मग मी आल्याबरोबर का नाही सांगितलंत?" तिच्या आवाजात किंचित राग होता. "हे गृहस्थ केव्हाचे ताटकळताहेत."

"मी सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस? माझ्या शब्दावर कट्यार खोडून पान लिहिलं असतंस. ज्या शब्दामुळे यांच्यावर ही वेळ आली, त्याच शब्दावर. त्या पाचांनी माझं ऐकलं, तू सहावी झाली असतीस. आणि माझी चूक झाली म्हणून यांचा पैसा खरा ठरत नाही. तो वेगळा सिद्ध व्हायला हवा. ज्यांच्या हातात नाणं आहे आणि ज्यांनी ते स्वतः तोललं आहे, त्यांच्याकडे जा."

तिने परदेशातल्या एका मोठ्या संग्रहालयाचा संग्रह उघडला. तिथे प्रत्येक नाण्याचे स्वतःचे छायाचित्र होते, वजन होते, ते कोणत्या वर्षी मिळाले याची नोंद होती. तिने टांकसाळीचे नाव टाकले. काहीच आले नाही. पुन्हा टाकले, स्पेलिंग बदलून टाकले. घड्याळात साडेतीन वाजले होते.

"नाव टाकू नकोस," सर म्हणाले. "त्यांना नाव ठाऊक नसेल. न ओळखलेल्या नाण्यांत बघ. धातू सांग, वजन सांग, आणि चित्रं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा."

ती पाहू लागली. शेकडो काळपट चकत्या डोळ्यांपुढून गेल्या. मध्येच वडके हलक्या आवाजात म्हणाले, "हे आमच्या पैशासारखं दिसतंय." ते केव्हा तिच्या मागे येऊन उभे राहिले, हे तिला कळलेच नव्हते.

तीन पैसे होते. दोन झिजलेले, त्यांवर कट्यारच असावी असा भास होत होता. तिसऱ्यावर बेलाची तिन्ही पाने स्वच्छ होती. नोंदीत लिहिले होते : अनिश्चित, शंभर वर्षांपूर्वी भेट मिळालेले. हेमांगीने वडक्यांचा पैसा तोलला आणि पडद्यावरच्या चित्राशेजारी भिंगाखाली धरला. वजन जुळत होते. एका अक्षराच्या शेपटीत, नाणे पाडायच्या ठशालाच पडलेली बारीक चीर दोन्हीकडे होती.

तिने अभिप्राय लिहायला घेतला. दोन्ही नाणी एकाच ठशाची दिसतात, वडक्यांचे नाणे बनावट म्हणण्यास आधार नाही, इथवर तिची लेखणी सरळ चालली. पुढे ती अडली.

"प्रचलित वर्णन चुकीचे आहे, एवढंच लिहू?"

"चुकीचं कोणी केलं, तेही लिही. नाहीतर उद्या कोणीतरी माझाच लेख दाखवून तुला खोटं पाडेल."

"सर, लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील?"

"माझ्या चुकीपायी आज हे दारात उभे होते," सर म्हणाले. "लिही."

तिने नाव लिहिले. सरांनी खाली आपली सही केली, आणि मग कुठे ते खुर्चीत टेकले.

संग्राहकाने तक्रार केली नाही. तो दुकानात येऊन वडक्यांशी बोलून गेला. हेमांगीने पाचही संकेतस्थळांना पुराव्यासह पत्रे पाठवली. दोघांनी दुरुस्ती केली, एकाने आभार मानले आणि चित्र तसेच ठेवले. उरलेल्या दोन संकेतस्थळांवर आजही कट्यारच आहे. तेव्हापासून कितीही ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली आढळली, तरी ती आधी एवढेच शोधते, की यांपैकी स्वतः पाहिले कोणी.