कोरड्या पाकळीची कहाणी

ऐक राईमाई, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं, गावाला दाट राई होती, राईत राईमाई देवी होती. तिला विचारल्यावाचून काडी मोडायची नाही, अशी रीत. विचारायचं कसं? देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

पाकळ्या भिजवायचं काम गुरवाच्या सुनेचं, यसूचं. यसूला माहेर नव्हतं. सणाला न्यायला कुणी येत नसे. मग ती दर सोमवारी राईत जाई, "आई, आहेस का?" म्हणे. राईतून उत्तर येई, "आहे गं लेकी." तेवढ्यावर तिचा आठवडा जाई.

एके दिवशी ठेकेदार आला. त्याच्यामागे कोळसेवाला, त्याच्यामागे रबराचा मळेवाला, त्यांच्यामागे कधी न दिसणारं शहर. ठेकेदार म्हणाला, "राई द्या. रस्ता देतो, घरटी एकाला काम देतो." गावाला मोह पडला. गुरवानं कौल लावला. डावी पडली. पुन्हा लावला. डावीच पडली. आता देवीनं आणखी किती वेळा सांगायचं? पण गाव ऐकेना. मग गुरव सुनेला हळूच म्हणाला, "उजवी पाकळी कोरडीच आण गो." यसूचा जीव तुटला. पण आसरा सासरचा तेवढाच. उतली नाही, मातली नाही, पण बोललीही नाही. कोरडी पाकळी ठेवताच पडली.

मग राई पडली. कोळसा झाला, रबर लागलं, झरा आटला. मळ्यावर बाहेरची माणसं आली, गावचे पुरुष पोटामागे शहरात गेले. यसूचा नवराही गेला. देवीमागे एक झाड तेवढं उरलं.

यसू सोमवारी गेली, "आई, आहेस का?" उत्तर नाही. दुसऱ्या सोमवारी गेली. उत्तर नाही. तिसऱ्या सोमवारी झाडाला मिठी मारून रडली, "आई, पाकळी मीच कोरडी आणली." तेव्हा आवाज आला, "मला ठाऊक आहे. गावाला सांग."

मग ठेकेदार उरलेलं झाड मागायला आला. गाव जमलं. गुरव पुटपुटला, "कोरडीच आण." यसूनं दोन्ही पाकळ्या सगळ्यांदेखत भिजवल्या. म्हणाली, "मामंजी, मागल्या खेपेला उजवी कोरडी होती. मीच आणली. देवी नाहीच म्हणत होती." कौल लागला, डावी पडली. झाड वाचलं, पण यसूला घरचं दार बंद झालं.

यसू झाडाखाली येऊन बसली. म्हणाली, "आई, आहेस का?"

"आहे गं लेकी. पण आता एकटीच आहे."

"मीही," यसू म्हणाली, आणि खोडाला टेकली.

यसूला जसं झाडाएवढं का होईना माहेर उरलं, तसं तुम्हां आम्हां उरो. बायांनो, पाकळ्या भिजवूनच लावा. ही साठां झाडांची कहाणी एका झाडाखाली सुफळ संपूर्ण.